बीपी आहे, क्रिएटिनिन नॉर्मल आहे, मग लघवी कशाला तपासायची?

प्रश्न थोडक्यात असा: आईचं वय ६२. अकरा वर्षांपासून बीपीच्या गोळ्या चालू आहेत, बीपी बहुतेक वेळा १३० ते १४०च्या घरात असतं. मधुमेह नाही. दर वर्षी किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात. यंदा ते १.१ आलं, म्हणजे लॅबने छापलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाला, पण मर्यादेत. तरीही डॉक्टरांनी या वेळी लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी लिहून दिली. लघवी साफ होते, अंगावर सूज नाही, मग ही नवी तपासणी कशासाठी? शिवाय बीपीच्या गोळ्यांनीच किडनी जाते असं कुणीतरी सांगितलंय, तर गोळ्या कमी कराव्यात का?

सरळ उत्तर आधी देते. तपासणी करून घ्या, आणि गोळ्या आपल्या मनाने कमी करू नका. तुमच्या डॉक्टरांनी योग्य तेच केलंय. मी बरीच वर्षं किडनीच्या पेशंटांवर उपचार करते आहे. डायलिसिसच्या उंबरठ्यावर पहिल्यांदाच माझ्यापर्यंत पोचलेल्या कित्येकांची जुनी फाइल उघडली की तेच दिसतं: बीपीच्या नोंदी दहा-बारा वर्षांच्या, क्रिएटिनिनचे रिपोर्ट ढीगभर, आणि लघवीतल्या अल्ब्युमिनचा एकही नाही. ही तपासणी वेळेवर झाली असती तर त्यातल्या बऱ्याच जणांना डायलिसिसशिवायची आणखी काही वर्षं मिळाली असती. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

‘लघवी साफ होते’ हे मी रोज ऐकते, आणि ते सांगणारा खरंच सांगत असतो. पण लघवी किती होते आणि किडनी किती काम करते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत रक्तात घेतात. गाळण्याचं काम निम्म्यावर आलं तरी बाहेर पडणारी लघवी तेवढीच राहू शकते. उलट, किडनी बिघडायला लागली की लघवी दाट करण्याची तिची ताकद कमी होते, त्यामुळे ती पाण्यासारखी फिकट आणि भरपूर होते, रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. माणसाला वाटतं, किडनी छान चाललीय. सूज, मळमळ, खाज, धाप, अन्नावरची वासना जाणं, ही सगळी लक्षणं फार उशिरा येतात. निसर्गाने आपल्याला किडनीची क्षमता गरजेपेक्षा कितीतरी जास्त दिली आहे; एक किडनी दान केलेली माणसं उरलेल्या एकीवर चांगलं आयुष्य जगतात. याच उदारपणामुळे आजार लपून राहतो. त्रास होण्याची वाट पाहून किडनीचा आजार वेळेत सापडत नाही, तो शोधावा लागतो.

बीपीचा आणि किडनीचा संबंध नेमका काय, तेही समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सुमारे पाचवा हिस्सा एकट्या किडन्यांकडे जातो, मिनिटाला एक लिटरच्या आसपास. प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात. गाळणी म्हणजे केसाहून कितीतरी बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता, आणि त्यात रक्त दाबाखालीच गाळलं जातं. बाहेरचं बीपी वर्षानुवर्षं चढं राहिलं की गाळणीत रक्त आणणाऱ्या छोट्या वाहिनीची भिंत जाड आणि कडक होते. काही गाळण्यांना रक्त कमी पडून त्या आक्रसतात. त्यांचा भार उरलेल्यांवर येतो, त्यांच्यातला दाब वाढतो, आणि त्यांच्या भिंतीतून एरवी रक्तातच राहणारं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन लघवीत झिरपायला लागतं. इकडे दुखावलेली किडनी मीठ आणि पाणी धरून ठेवते, बीपी वाढवणारी संप्रेरकं जास्त तयार व्हायला लावते. त्यामुळे बीपी आणखी चढतं. बीपीने किडनी बिघडते आणि किडनीने बीपी बिघडतं. एखाद्या पेशंटमध्ये आधी काय झालं हे कधीकधी शेवटपर्यंत कळत नाही.

हा संबंध जुना आहे. १८२७ साली लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइट या डॉक्टरांनी सूज आलेल्या पेशंटांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवली तर ती अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी गोठते, हे लिहून ठेवलं. नंतर, १८३६ मध्ये, अशा आक्रसलेल्या किडन्यांबरोबर हृदय मोठं आणि जाड झालेलं सापडतं, अशीही त्यांनी नोंद केली. दंडाला पट्टा बांधून बीपी मोजण्याचं साधन रिव्हा-रोची यांनी आणलं ते १८९६ साली. म्हणजे बीपी मोजता येण्याच्या कितीतरी आधी लघवीतल्या अल्ब्युमिनने हे नातं दाखवून दिलं होतं. त्या चमच्याची जागा आता यंत्राने घेतली आहे, शोधायची वस्तू मात्र तीच आहे.

आता तुमच्या १.१ कडे येऊ.

क्रिएटिनिन हा स्नायूंच्या रोजच्या झिजेतून तयार होणारा पदार्थ. किडनी तो बाहेर टाकते. किडनीचं काम मंदावलं की तो रक्तात साठतो. पण तो तयार किती होतो हे स्नायूंवर अवलंबून असतं, म्हणून एकच आकडा दोन माणसांत दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. यासाठी वय आणि स्त्री की पुरुष हे धरून एक सूत्र वापरतात, त्यातून निघतो तो ईजीएफआर, म्हणजे किडनी मिनिटाला किती मिलिलिटर गाळते याचा अंदाज. सध्या बऱ्याच ठिकाणी २०२१ सालचं सूत्र वापरलं जातं. त्यात २८ वर्षांच्या तरुणाचं १.१ क्रिएटिनिन घाला, उत्तर ९४च्या आसपास येतं. तुमच्या आईचं, ६२ वर्षांच्या बाईचं तेच १.१ घाला: ५७. रक्तातला आकडा एकच, पण एकाची किडनी उत्तम आणि दुसरीची साठच्या खाली. बहुतेक लॅब आता क्रिएटिनिनखाली ईजीएफआर छापतात, पण त्याच्यापुढे लाल खूण नसेल तर घरी कुणी तिकडे पाहत नाही. तुमच्या रिपोर्टवर तो असेल तर आत्ताच पाहा.

५७ वाचून घाबरून जाऊ नका. क्रिएटिनिनमध्ये थोडा चढ-उतार रोजचाच असतो. पाणी कमी पडलं, आदल्या रात्री भरपूर मांसाहार झाला, ट्रायमेथोप्रिमसारखं प्रतिजैविक चालू होतं, तरी आकडा वर सरकतो. ईजीएफआर साठच्या खाली किमान तीन महिने टिकून राहिला, किंवा किडनीला इजा झाल्याची दुसरी खूण तीन महिने टिकली, तरच त्याला दीर्घकालीन किडनी आजार म्हणतात. तीन महिन्यांची ही अट मला फार महत्त्वाची वाटते. एका रिपोर्टवरून माणसाच्या कपाळावर आजाराचा शिक्का मारायचा नसतो, आणि एका रिपोर्टवरून त्याला निर्धास्तही करायचं नसतं. अंगकाठी फारच बारीक असेल किंवा स्नायू खूप कमावलेले असतील तर क्रिएटिनिनचा हिशेब चुकतो. अशा वेळी, किंवा आईसारख्या ४५ ते ५९च्या पट्ट्यात, सिस्टॅटिन सी ही दुसरी रक्ततपासणी करून खात्री करता येते. ती प्रत्येकाला लागत नाही.

क्रिएटिनिनची दुसरी अडचण मी एका पेशंटच्या उदाहरणाने सांगते, कारण ते टेबल मला अजून दिसतं. गृहस्थ ४६ वर्षांचे. बीपीसाठी आता तिसरी गोळी वाढवायची वेळ आली होती, म्हणून त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं. सोबत प्लास्टिकच्या पिशवीत पाच वर्षांचे रिपोर्ट, उलटसुलट. मी ते तारखेप्रमाणे टेबलावर एकाखाली एक मांडले. क्रिएटिनिन: ०.८, ०.९, १.१, १.२, १.३. लॅबची मर्यादा १.३. पाचही रिपोर्टवर एकही खूण नाही, आणि दर वर्षी त्यांना ‘किडनी नॉर्मल’ असं सांगितलं गेलं होतं. प्रत्येक कागद सुटा पाहिला तर ते खोटंही नव्हतं. पण ईजीएफआर काढला तर पहिल्या वर्षी ११४ होता आणि शेवटच्या वर्षी ६९. वयाबरोबर वर्षाला एखादा अंक उतरणं समजण्यासारखं आहे. इथे वर्षाला दहा-अकरा उतरत होते. लघवी त्या दिवशी पहिल्यांदा तपासली: अल्ब्युमिन ८६०, जिथे ३०च्या आत हवं. सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशीही दिसल्या. पुढे बायोप्सीत निघाला तो गाळण्यांचा एक मूळचा आजार. त्यांचं बीपी हे त्या आजाराचं फळ होतं, आणि पाच वर्षं उपचार फळावर चालू होता. त्यांनी मला विचारलं, ‘मॅडम, मी तर एकही तपासणी चुकवली नाही हो.’ खरंच चुकवली नव्हती. जी लिहूनच दिली नव्हती ती ते करणार कशी?

म्हणून लघवी. ईजीएफआर सांगतो की गाळण्याचं काम किती चाललंय. लघवीतलं अल्ब्युमिन सांगतं की गाळणीची जाळी शाबूत आहे की फाटायला लागलीय. बऱ्याच जणांत जाळी आधी गळायला लागते आणि काम नंतर उतरतं, कधी पाच-सात वर्षांनी. काही जणांत उलट होतं: अल्ब्युमिन अजिबात नाही आणि ईजीएफआर मात्र हळूहळू खाली, विशेषतः जुन्या बीपीने रक्तवाहिन्या कडक झालेल्या वयस्कर माणसांत. त्यामुळे एकीच्या जागी दुसरी चालत नाही. जगभरातल्या बीपीच्या मार्गदर्शक सूचना आता यावर एकमताकडे आल्या आहेत. युरोपातल्या २०२४च्या आणि अमेरिकेतल्या २०२५च्या सूचनांनी बीपी असलेल्या प्रत्येकाला ईजीएफआरबरोबर लघवीतल्या अल्ब्युमिनचीही तपासणी सांगितली आहे. अमेरिकेच्या आधीच्या, २०१७च्या सूचनांत ती ऐच्छिक होती. तुमच्या डॉक्टरांनी अकरा वर्षांत नाही आणि आत्ताच का लिहिली, याचं उत्तर कदाचित इथे असेल.

तपासणीचं नाव लॅबमध्ये वेगवेगळं असतं: एसीआर, अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, कुठे ‘स्पॉट युरिन मायक्रोअल्ब्युमिन’. रिपोर्टमध्ये रेशो आला पाहिजे, एवढं विचारून घ्या. त्याचं कारण सांगते. समजा सकाळी पाणी कमी प्यायलेल्या माणसाच्या एक लिटर लघवीत ९० मिलिग्रॅम अल्ब्युमिन आणि दीड ग्रॅम क्रिएटिनिन आहे. दुपारी त्याने तांब्याभर पाणी प्यायलं आणि लघवी पातळ झाली. आता लिटरमागे अल्ब्युमिन २४ मिलिग्रॅम आणि क्रिएटिनिन ०.४ ग्रॅम. नुसतं अल्ब्युमिन पाहिलं तर सकाळी जास्त, दुपारी छान. भागाकार केला तर दोन्ही वेळा ६० मिलिग्रॅम प्रति ग्रॅम. पाण्याचा खेळ भागाकाराने निघून जातो. चोवीस तासांची लघवी डब्यात साठवण्याचा खटाटोप यामुळेच बहुतेकांना करावा लागत नाही.

इथे एक गैरसमज दूर करते. ‘लघवीची रुटीन केलीय, त्यात प्रोटीन निल आलं’ असं सांगून लोक निश्चिंत होतात. रुटीनमध्ये रंग बदलणारी पट्टी लघवीत बुडवतात. ती पट्टी थोडं अल्ब्युमिन ओळखत नाही; वरच्या उदाहरणातला ६०वाला माणूस तिच्यावर ‘निल’ दाखवू शकतो, दुपारी तर नक्कीच. आणि ज्या टप्प्यावर आपण सर्वात जास्त काही करू शकतो तो नेमका हाच. रुटीन निरुपयोगी नाही, तांबड्या पेशी आणि संसर्ग तिच्यातच दिसतात, पण ती एसीआरची जागा घेत नाही.

नमुना शक्यतो सकाळी उठल्यावरच्या पहिल्या लघवीचा द्या. सुरुवातीची थोडी सोडून मधली धार डबीत घ्यायची. उपाशी राहायची गरज नाही, बीपीची गोळी चुकवायची नाही. ताप असेल, लघवीला जळजळ असेल, मासिक पाळी चालू असेल, आदल्या दिवशी जबरदस्त व्यायाम किंवा लांबची धाव झाली असेल, किंवा बीपी त्या दिवशी भलतंच चढलेलं असेल, तर अल्ब्युमिन उगाच जास्त येतं. अशा दिवशी थांबा, आठवड्या-दोन आठवड्यांनी द्या. पहिला निकाल ३०च्या वर आला तर तीन महिन्यांत आणखी दोनदा करतात, आणि तीनपैकी दोन वाढलेले आले तरच तो खरा धरतात. अल्ब्युमिन दिवसागणिक बरंच हेलकावे खातं. ३५ आणि ४५ मधला फरक मी फरकच मानत नाही. ४० वरून १०० झालं तर मात्र लक्ष देते.

निकाल कसा वाचायचा? एसीआर ३०च्या खाली ठीक, ३० ते ३०० मध्यम वाढ, ३००च्या वर तीव्र. काही लॅब मिलिग्रॅम प्रति मिलिमोल या एककात देतात, तिथे ३०च्या जागी ३ आणि ३००च्या जागी ३० धरा. एकक न पाहता आकडा वाचून हायसं वाटून घेणारे किंवा धास्तावलेले लोक मी पाहिलेत. ईजीएफआरचे टप्पे ६०, ४५, ३० आणि १५ असे. पण खरा अर्थ दोन्ही एकत्र वाचल्यावर लागतो. तुमच्या आईंचा ईजीएफआर ५७ पक्का ठरला आणि एसीआर १० आला, तर मी वर्षातून एकदा तपासण्या, बीपी नीट आणणं आणि वेदनाशामकांपासून दूर राहणं एवढं सांगून त्यांना घरी पाठवेन. तोच ५७ आणि एसीआर ४०० असेल, तर गोष्ट वेगळी; औषधं बदलतील, तपासण्या वर्षातून तीनदा होतील, आणि किडनीच्या डॉक्टरांना दाखवावं लागेल. म्हणूनच आजचा तुमचा ५७ हा अर्धाच वाक्यांश आहे, उरलेला त्या डबीत आहे.

आणखी एक गोष्ट, जी पेशंटांना सहसा कुणी सांगत नाही. लघवीत अल्ब्युमिन येणं ही फक्त किडनीची बातमी नसते. शरीरभरच्या बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर दुखावल्याची ती खूण आहे. ईजीएफआर उत्तम असूनही अल्ब्युमिन वाढलेलं असेल तर हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका वाढलेला असतो. दीर्घकालीन किडनी आजार असलेल्यांपैकी बहुतेकांवर डायलिसिसची वेळ येतच नाही. त्यांना हृदयाचा धोका आधी गाठतो. त्यामुळे एसीआर वाढला की मी कोलेस्टेरॉल, तंबाखू, रक्तातली साखर या सगळ्यांची चौकशी पुन्हा पहिल्यापासून करते.

आता गोळ्यांबद्दल. बीपीच्या गोळ्यांनी किडनी जाते ही समजूत इतकी पसरलेली आहे, आणि तिच्यापायी गोळ्या सोडून किडनी घालवून बसलेली माणसं मी इतकी पाहिली आहेत, की याबद्दल मला स्पष्टच बोलू द्या. किडनीला मारतं ते चढं बीपी. गोळ्या तिला वाचवतात. समजूत कुठून आली तेही मला माहीत आहे. रामिप्रिल, एनालाप्रिल किंवा टेल्मिसार्टन, लोसार्टन या जातीच्या गोळ्या गाळणीतून रक्त बाहेर नेणारी वाहिनी सैल करतात. गाळणीतला दाब उतरतो, अल्ब्युमिनची गळती कमी होते, आणि गाळणंही जरासं कमी होतं, म्हणून पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडं वर जातं. तो रिपोर्ट पाहून घरचे गोळी बंद करतात. खरं तर ३० टक्क्यांपर्यंतची ही वाढ चालवून घेतात, ०.९ चं १.१ झालं म्हणून औषध सोडायचं नसतं. त्याहून जास्त वाढली, किंवा पोटॅशियम चढलं, तर मात्र शोध घ्यावा लागतो, कधी किडनीकडे जाणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीत अडथळा निघतो. म्हणून ही गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर दोन ते चार आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचंच. हे मात्र अनेकदा राहून जातं. दोन्ही जातींच्या गोळ्या एकत्र घ्यायच्या नाहीत, आणि गरोदरपणात यातली कुठलीच चालत नाही. मूल होण्याचा विचार असलेल्या बाईने हे डॉक्टरांना आधीच सांगावं. जोरात उलट्या-जुलाब होऊन शरीर कोरडं पडलं तर त्या काही दिवसांपुरत्या थांबवायच्या का, हे फोन करून विचारा. लघवी वाढवणारी गोळीही त्यात येते.

किडनीला खरोखर इजा करणारी औषधं घरात दुसरीकडेच असतात. गुडघ्यासाठी, कंबरेसाठी, दातासाठी आपल्या मनाने घेतलेल्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या. बीपीची ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि वर ही वेदनाशामक, असं त्रिकूट एकत्र आलं की दोन-चार दिवसांत क्रिएटिनिन दुप्पट झालेलं मी पाहिलंय. शिवाय त्या बीपीही वाढवतात. आईंना विचारताना ‘कुठली गोळी घेतेस का’ असं विचारू नका, कारण त्या ‘बीपीचीच’ म्हणतील. ‘गुडघा दुखला की काय घेतेस’ असं विचारा. आणि घटक न लिहिलेल्या जडीबुटीच्या पुड्यांपासून लांब राहा. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या वनस्पतिजन्य गोळ्या घेतलेल्या स्त्रियांच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. त्या गोळ्यांत अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असलेली वनस्पती होती. वनस्पती आहे म्हणून निर्धोक, असं किडनीच्या बाबतीत धरून चालता येत नाही.

सोनोग्राफी सगळ्यांना लागत नाही. बीपी तिशी-पस्तिशीतच सुरू झालं असेल, तीन गोळ्यांनीही आटोक्यात येत नसेल, लघवीत तांबड्या पेशी असतील, घरात कुणाला किडनीचा आजार किंवा गाठींची किडनी असेल, किंवा ईजीएफआर कमी असेल, तर ती करावी. गाठी, खडे, अडथळा, दोन किडन्यांच्या आकारातला फरक त्यात दिसतो. पण ‘सोनोग्राफी नॉर्मल म्हणजे किडनी नॉर्मल’ असं नसतं. गाळण्या सोनोग्राफीत दिसण्याइतक्या मोठ्या नसतात. बीपी आहे आणि पोटॅशियम कमी येतंय, तर किडनीच्या वर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीचा विचार करावा लागतो. तो वेगळा विषय आहे, पण डॉक्टरांना आठवण करून द्यायला हरकत नाही. आणि ज्या बाईला गरोदरपणात बीपी वाढून लघवीत प्रथिन गेलं होतं, तिने ते वीस वर्षांनीही सांगावं. बाळंतपणानंतर सगळं ठीक झालं म्हणून ती गोष्ट विसरली जाते, पण तिचा पुढचा धोका वाढलेलाच असतो.

समजा आईंचा एसीआर वाढलेला आला. मग काय? आज आपल्या हातात पंधरा वर्षांपूर्वीपेक्षा बरंच जास्त आहे, आणि शोध घेण्यात अर्थ आहे तो यामुळेच. बीपीचं लक्ष्य खाली आणतात, १३०च्या आत, आणि सोसवत असेल, चक्कर येत नसेल तर १२०च्या जवळ. तुम्ही लिहिलेलं १३० ते १४० मला पुरेसं वाटत नाही. तुमचं ‘बीपी ठीक आहे’ आणि माझं ‘ठीक’ यात हा फरक आहे. मात्र ते आधी नीट मोजलं गेलं पाहिजे: पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसून, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर, मापाचा पट्टा, मोजताना न बोलता. घाईघाईने आत येऊन गप्पा मारत मोजलेलं बीपी सहज दहा-पंधराने जास्त येतं, आणि त्यावर गोळी वाढवणं बरोबर नाही. सार्टन किंवा प्रिल जातीची गोळी नसेल तर ती येते, असेल तर डोस वाढतो. मीठ दिवसाला एकूण पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, त्यात तयार पदार्थांतलंही धरून. त्याच्या भरीला डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं आहेत. ती मधुमेहासाठी आली, पण २०२० आणि २०२२ साली निकाल प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत मधुमेह नसलेल्या किडनीच्या पेशंटांनाही त्यांनी किडनी उतरण्याचा वेग कमी करून दाखवला. अल्ब्युमिन बरंच जास्त असलेल्यांना त्यांचा फायदा ठळक होतो. कुणाला द्यायची हे ईजीएफआर आणि एसीआर दोन्ही पाहूनच ठरतं, लघवी तपासलेलीच नसेल तर हा प्रश्नही कुणाला सुचत नाही.

एसीआर ३०च्या आत आला तर आनंदाची गोष्ट; दोन्ही तपासण्या वर्षातून एकदा पुरेत. किडनीच्या डॉक्टरांकडे कधी जायचं? ईजीएफआर ३०च्या खाली गेला, एसीआर ३००च्या वर टिकून राहिला, वर्षाला पाचपेक्षा जास्त अंकांनी ईजीएफआर घसरत असेल, लघवीत तांबड्या पेशी पुन्हा पुन्हा सापडत असतील, किंवा तीन-चार गोळ्यांनी बीपी ऐकत नसेल, तर थांबू नका. या दोन टोकांच्या मधल्या कुठल्याही टप्प्यावर तुमचे नेहमीचे डॉक्टर उत्तम सांभाळू शकतात, आणि त्यांनी ही तपासणी स्वतःहून लिहिली यावरून मला त्यांच्याबद्दल विश्वास वाटतो.

उद्याचं काम एवढं: आईंची सकाळची पहिली लघवी लॅबमध्ये पोचवा, सोबत पोटॅशियम गेल्या सहा महिन्यांत झालं नसेल तर तेही करायला सांगा. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन पुन्हा, शक्यतो त्याच लॅबमधून. आणि मधल्या वेळात घरातल्या अकरा वर्षांच्या रिपोर्टमधून जेवढे सापडतील तेवढे काढा, एका वहीच्या पानावर तारीख, क्रिएटिनिन आणि त्या दिवशीचं बीपी असं एकाखाली एक लिहा. पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर ते पान आधी ठेवा.